चिखलाची वंशावळ

ओहोटीला शिवडीच्या बंदरावर जे उघडं पडतं, त्याला लोक नुसता चिखल म्हणतात. पाणी धक्क्यापासून मागं सरत जातं आणि माहुल-तुर्भ्याच्या चिमण्यांच्या दिशेनं करडा, ओला, लकाकता सपाट प्रदेश हळूहळू वर येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तो फार लांबवर उघडतो; अष्टमीच्या भांगाला जेमतेम कडा दाखवतो. होड्या कुशीवर कलतात. निवट्या पोटावर सरपटत आपापल्या ओल्या वाटा आखतात, चिंबोऱ्या बिळांच्या तोंडाशी येऊन थबकतात.

थंडीपासून पावसाच्या तोंडापर्यंत इथं रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि मग शिवडी स्टेशनपासून बंदरापर्यंतच्या गोदामांमधल्या धुळकट रस्त्याला माणसांची रीघ लागते. गळ्यात दुर्बिणी, खांद्यावर कॅमेरे. सगळ्यांचे डोळे त्या गुलाबी रंगावर असतात आणि पक्ष्यांचे डोळे चिखलावर. मान वाकवून, चोच उलटी धरून ते तासन् तास चिखलाचं पाणी गाळत राहतात. छोट्या रोहिताला त्यातून मुख्यतः हवे असतात नीलहरित जीवाणू. आपल्याला दिसायचेच तर चिखलावरची हिरवट झाक म्हणून दिसतात. त्यांच्यातली रंगद्रव्यं पक्ष्याच्या अंगात मुरतात आणि पिसांवर गुलाबी होऊन उमटतात. पाहणारे ज्या रंगासाठी हार्बर लाइनच्या गर्दीतून येतात, तो रंग आधी चिखलात असतो.

त्या जीवाणूंचं ऋण पक्ष्यांपुरतं थांबत नाही. सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्याचा रेणू फोडायचा, हवेतला कार्बन घेऊन साखर घडवायची आणि उरलेला प्राणवायू सोडून द्यायचा, ही विद्या पृथ्वीवर पहिल्यांदा साधली ती यांच्या पूर्वजांना. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी त्यांनी सोडलेला प्राणवायू हवेत साठू लागला. पुढं कधीतरी एका मोठ्या पेशीनं असा एक जीवाणू गिळला, पण पचवला नाही. तो आत राहिला, पेशीबरोबर विभागत गेला, पिढ्यान् पिढ्या नांदला. पानात ज्याला आपण हरितलवक म्हणतो, तो त्याचाच वंशज. त्याच्याजवळ अजून स्वतःचा वेगळा डीएनए आहे. आंब्याची पालवी, गणपतीला वाहिलेली दूर्वा, परळच्या चाळीतल्या कठड्यावर पत्र्याच्या डब्यात वाढलेली तुळस, या सगळ्यांचा हिरवेपणा त्या एका जुन्या सहवासातून आलेला आहे. हिरव्या सृष्टीला नमस्कार करायचाच तर तो इथून, गुडघाभर चिखलापासून सुरू करावा.

पन्नास कोटी वर्षांपूर्वी असा चिखल जमिनीवर फारसा कुठं थांबत नसे. जमीन म्हणजे उघडा खडक आणि वाळू. पाऊस पडे, पण त्याला झेलणारं पान नव्हतं आणि धरून ठेवणारं मूळ नव्हतं. खडक झिजत, बारीक गाळ तयार होई आणि तसाच समुद्राला जाई. नद्यांना धड काठ नव्हते. पाणी उथळ आणि रुंद, असंख्य फाट्यांनी पसरत वाहत असे. खडकांवर सूक्ष्मजीवांचे पातळ थर असतील, तेवढाच काय तो जीवनाचा ओलावा.

गोड्या पाण्याच्या डबक्यांत मात्र हिरवी शैवलं राहत होती. डबकी आटत, पुन्हा भरत. आटण्याच्या दिवसांत तग धरायची सवय ज्यांना जडली, त्यांच्यातल्या एका शाखेनं कोरडी हवा कायमची पत्करली. आजच्या शैवलांत त्या शाखेचे सगळ्यांत जवळचे नातलग शोधले तर आपण शाळेच्या पुस्तकात भेटलेल्या स्पायरोगायराच्या गटापाशी येऊन पोचतो. त्या पहिल्या स्थलवासींचे देह उरले नाहीत, त्यांची बीजुकं उरली. अर्जेंटिनातल्या सुमारे ४७ कोटी वर्षांच्या खडकांत ती सापडतात: वाऱ्यावर जाण्याइतकी हलकी, आणि भोवती कोरडेपणाला दाद न देणारं कवच. जमिनीवरच्या सगळ्या जंगलांची सुरुवात अशी धुळीच्या कणाएवढी आहे.

ते दिवस कसे असतील, हे पाहायला आषाढात शिवडीच्या किल्ल्याकडं जावं. १६८० साली इंग्रजांनी बांधलेला हा आटोपशीर किल्ला. समोर खाडी, पाठीशी गोदामं. उन्हाळ्यात त्याच्या भिंती मेल्यासारख्या काळ्या दिसतात. मृगाच्या सरी पडल्या की दगडांच्या सांध्यांतून, जुन्या चुन्याच्या भेगांतून मखमली हिरवेपण वर येतं. ती हरितांची वस्ती. शेजारी ओल्या मातीला चिकटून यकृतका पसरतात. त्यांना खोड नाही, पान म्हणावं असंही काही नाही, नुसता हिरवा पापुद्रा. बाराही महिने धावपळ करणाऱ्या शहरात या वनस्पती चार महिने जगतात आणि आठ महिने वाट पाहतात. वाळतात, पण मरत नाहीत. पहिलं पाणी अंगावर पडताच त्यांच्या पेशी पुन्हा कामाला लागतात.

पाण्याशी त्यांचा जुना करार अजून सुटलेला नाही. हरितेच्या नर पेशीला मादी पेशीपर्यंत पोहतच जावं लागतं. त्यासाठी दोघींमध्ये पाण्याचा एक सलग पापुद्रा हवा. पावसाच्या थेंबाचा शिंतोडा हेच तिचं प्रणयाचं साधन. जगात हरिता, यकृतका आणि त्यांच्या शृंगका नावाच्या भावंडांच्या मिळून सुमारे वीस हजार जाती आहेत, आणि त्यातली एकही कमरेएवढी उंच होत नाही. उंची हा त्यांचा मार्गच नव्हता. खडकाला बिलगून राहणं, एवढंच त्यांनी केलं. आणि तेवढ्यानं पृथ्वी बदलली.

हे काम त्यांनी एकट्यानं केलेलं नाही. १९१२ साली स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळ विल्यम मॅकी नावाच्या एका डॉक्टरला शेताच्या दगडी बांधांत चमत्कारिक गारगोट्या दिसल्या. त्या कापून, घासून, काचेवर घेऊन पाहिल्या तर आत सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीची एक दलदल जशीच्या तशी गोठलेली निघाली. गरम पाण्याच्या झऱ्यांतल्या सिलिकानं तिथल्या वनस्पतींना पेशीन् पेशी दगड केलं होतं. वीतभर उंचीच्या, बिनपानांच्या, दुभंगत जाणाऱ्या काड्या. आणि त्या काड्यांच्या पेशींच्या आत बुरशीचे नाजूक, झाडासारखे फाटे. बुरशी खडकातून फॉस्फरस आणून देत होती, वनस्पती तिला साखर देत होती. आज बहुतेक साऱ्या झाडांच्या मुळांत ही देवघेव तशीच चालू आहे. मूळ नावाचा अवयव तयार होण्याआधी ही मैत्री तयार झाली होती.

वनस्पती आणि बुरशी यांनी मिळून खडक कुरतडला, आम्लांनी विरघळवला, कुजलेल्या देहांचा थर त्यावर चढवला. माती जन्मली. आणि मातीच्या सोबतीनं चिखल जमिनीवर राहू लागला. केंब्रिजचे भूशास्त्रज्ञ विल्यम मॅकमेहन आणि नील डेव्हिस यांनी जगभरच्या प्राचीन नदीगाळांच्या थरांची मोजदाद करून २०१८ साली दाखवून दिलं की स्थलवनस्पती आल्यानंतर नद्यांच्या गाळातला चिखलाचा वाटा दसपटीहून अधिक वाढला. झाडं अजून झाली नव्हती, खोल मुळं नव्हती. हरितांसारख्या ठेंगण्या हिरवळीनंच ही थांबवाथांबव सुरू केली होती. मग मुळं आली, काठ घट्ट झाले, नद्या वळणं घेऊ लागल्या आणि पुराची मैदानं पसरली. चिखल म्हणजे आपल्याला घाण वाटते, सृष्टीचा उरलासुरला गाळ वाटतो. खरं तर खडकातून झिजून निघालेलं सगळं ज्या हातांनी समुद्राकडं जाताना अडवलं, त्या हिरव्या हातांचं ते पहिलं मोठं काम आहे.

पुढची गोष्ट उभं राहण्याची. पाणी सोडून आलेल्या देहाला पाण्याचा आधार उरत नाही. स्वतःचं वजन स्वतः पेलावं लागतं आणि पाणी वर ओढून न्यावं लागतं. त्यासाठी वनस्पतींनी पेशींच्या लांबच लांब नळ्या केल्या, त्यांच्या भिंतींत लिग्निन नावाचं कणखर द्रव्य भरलं. त्या नळ्या काम करू लागतात तेव्हा त्यांच्यातल्या पेशी मेलेल्या असतात. झाड आपल्या मेलेल्या पेशींच्या आधारानं उभं असतं, त्यांच्यातूनच पाणी पितं. अंगावर मेणाचा लेप आला, त्यात उघडमीट करणारी सूक्ष्म रंध्रं आली. शिवडी-परळच्या जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला, पावसाळी पाइपाच्या गळत्या सांध्यापाशी जे नेचे उगवतात, त्यांच्या एकेका झावळीत ही सारी यंत्रणा भरलेली आहे. सुमारे साडेदहा हजार जातींचं हे घराणं एकेकाळी अरण्यांवर राज्य करत होतं. आता गळक्या नळाखाली त्यानं आपलं संस्थान मांडलं आहे, आणि तिथंही त्याचं ऐश्वर्य कमी झालेलं दिसत नाही.

शिवडीहून दक्षिणेला दारूखान्याकडं चालू लागलं की एक मौज लक्षात येते. हा सगळा बंदरपट्टा ज्यांच्यासाठी बांधला गेला ते व्यापारी, ते माल, त्या वखारी आता बऱ्याचशा गेल्या. पण कोणता माल कुठं उतरे, हे ठिकाणं अजून सांगतात. कोळसा बंदर, लकडा बंदर, गवताचं ‘हे’ (hay) बंदर, धान्याचे ग्रेन डेपो आणि कापसाचं कॉटन ग्रीन. दगडी कोळसा, लाकूड, गवत, दाणा, सरकीचा केस. वनस्पतींच्या इतिहासातली एकेक मजल इथं गलबतांतून उतरून घेतलेली आहे. हा पट्टा आखताना कुणाच्या मनात उत्क्रांती नव्हती. मुंबईला जे हवं होतं ते सगळं वनस्पतींकडंच होतं, इतकाच त्याचा अर्थ.

कोळशाचंच घ्या. शिवडीच्या हाजी बंदरावर अगदी परवापरवापर्यंत कोळशाचे काळे डोंगर असत आणि वाऱ्याला त्यांची भुकटी वस्तीत येई. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर-वणीच्या खाणींत जो कोळसा निघतो तो २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींचा. तिथं ग्लॉसोप्टेरिसची जंगलं होती. त्याची जिभेच्या आकाराची पानं आजही त्या भागातल्या खडकांत ठसठशीत उमटलेली मिळतात. तीच पानं आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत मिळतात. १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार बर्फात गारठून मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे सोळा किलो दगड होते. त्यांतही ग्लॉसोप्टेरिस होतं. मरणाच्या दारातही त्यांनी तो भार टाकला नाही. एका पानानं सांगितलं की हे सगळे भूखंड कधीकाळी एकत्र होते आणि विदर्भ व अंटार्क्टिका शेजारी नांदत होते.

ग्लॉसोप्टेरिसला बी होतं. बीजुक उघड्यावर सोडून नशिबावर हवाला ठेवणाऱ्या नेच्यांच्या मानानं ही फार मोठी मजल. बी म्हणजे गर्भ, त्याच्याभोवती कवच आणि सोबत बांधून दिलेली शिदोरी. आता नर पेशीला बाहेरच्या पाण्यातून पोहत जायला नको; पराग वाऱ्यानं येतो. आता अंकुराला पहिल्या दिवशीच ऊन शोधायला नको. शिदोरीवर काही दिवस निघतात. पाण्याशी झालेला जुना करार इथं सुटला, आणि वनस्पती डोंगरउतारांवर, कोरड्या माळांवर चढल्या.

मग सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून फुलं दिसू लागतात, आणि पाहता पाहता सगळा बाज बदलतो. ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरू लागला तेव्हा फुलझाडं चांगली रुळलेली होती. ज्या काळ्या दगडावर शिवडी, परळ, वरळी उभी आहेत, तो त्याच दीर्घ उद्रेकातला. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचत, त्यांत बेडूक डरावत, काठाला झुडपं वाढत. वरळीच्या टेकडीतल्या अशा गाळात सापडलेल्या इवल्याशा बेडकाला १८४७ साली रिचर्ड ओवेननं नाव दिलं. नागपूरच्या उत्तरेला छिंदवाड्याजवळ मोहगाव कलानला अशाच गाळात निपा ताडाचं फळ दगड होऊन सापडलं. निपा आज सुंदरबनसारख्या खाडीकाठच्या दलदलीत राहतो. म्हणजे समुद्राचं खारं पाणी कधीतरी मध्य भारतात शिरलं होतं आणि तिथं एक शिवडी होती.

आणि गवत? चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा मिळते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तिच्यात गवताच्या पानांतले सिलिकाचे सूक्ष्म कण ओळखले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतं, अशी तोवरची समजूत होती. पिसदुऱ्याच्या त्या राक्षसी देहांनी गवत खाल्लं होतं, आणि त्यातली काही गवतं भाताच्या नात्यातली निघाली. आपल्या ताटातल्या भाताचं गोत इतकं जुनं आणि इतकं जवळचं आहे.

फुलझाडांच्या आज तीन लाखांहून अधिक जाती आहेत. पाइन, देवदार, सायकस अशी उघड्या बियांची सगळी झाडं मिळून जेमतेम हजारभर. ही उधळण एकट्या फुलाची नव्हे. मधमाशी, पाकोळी, वटवाघूळ, सूर्यपक्षी, मुंगी, सगळ्यांना फुलानं आणि फळानं आपल्या संसारात ओढलं. शिवडीच्या कुठल्याही पडीक गोदामाच्या भिंतीवर कावळ्यानं नाहीतर साळुंकीनं टाकलेला पिंपळ असतो. त्याची फुलं बाहेर दिसत नाहीत, ती फळाच्या आत मिटलेली असतात. आणि त्यांच्यापर्यंत पोचणारा वाटाड्या म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशी त्याची ठरलेली गांधीलमाशी. एक झाड आणि एक कीटक, दोघंही एकमेकांवाचून निर्वंश. माणसांनी सोडून दिलेल्या भिंतीत त्यांचा कोट्यवधी वर्षांचा शब्द पाळला जातो.

शिवडीला एकदा वनस्पतींसाठी राखलेली बागही होती. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेला १८३० साली इथं जागा मिळाली. देशोदेशीची रोपं आणून ती या हवेत रुजतात का, हे पाहण्याची हौस त्या काळातल्या मोठ्या लोकांना होती. १८६५ मध्ये महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी ती जमीन ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली. बागेचा वारसा तोवर भायखळ्याला गेला होता, जिथं १८६२ साली राणीची बाग उघडली. आज त्या दफनभूमीत झाडांच्या सावलीखाली बोरीबंदर स्थानकाचा वास्तुशिल्पी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स विसावला आहे. त्याच्या इमारतीच्या दगडांवर पानं, वेली, फुलं कोरलेली आहेत; त्याच्या स्वतःच्या मातीवर खरी पानं पडत असतात.

कापसाशी मात्र या भागाचं नातं रक्ताचं. फोर्ट आणि मग कुलाब्यात चालणारा कापसाचा बाजार गेल्या शतकाच्या विशीत शिवडीच्या शेजारी आला, वखारींच्या रांगा उठल्या, कॉटन एक्स्चेंजची देखणी इमारत उभी राहिली. दख्खनच्या लाव्हाची झीज होऊन झालेल्या काळ्या मातीतली कपाशी खानदेश-वऱ्हाडातून गाठी बांधून इथं येई, आणि लालबाग-परळच्या गिरण्यांत तिचं सूत होई. सरकीच्या सालीवरची एकच पेशी लांबत लांबत दोनतीन सेंटिमीटरची होते, तिच्या भिंतीवर सेल्युलोजचे थरावर थर चढतात, आतला जीव संपतो आणि उरते ती भिंत. त्या भिंतीला आपण धागा म्हणतो. शैवलांपासून चालत आलेली पेशीची भिंत, एवढ्याच गोष्टीवर गिरणगाव उभं होतं. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांच्या पिढ्यांनी तिच्या चात्यांवर आयुष्यं घातली, तिचे तंतू श्वासाबरोबर आत घेतले. १९८२ च्या संपानंतर भोंगे एकेक करून थांबले. कपाशी आजही त्याच काळ्या मातीत फुटते.

आता पुन्हा पाण्याच्या कडेला, तिवरांपाशी. ही झाडं वंशवेलीच्या अगदी अलीकडच्या फांद्यांवरची, फुलझाडांतली. पाण्यातून निघायला, उभं राहायला, बी घडवायला, फूल उमलवायला ज्या कुळाला तीस कोटींहून अधिक वर्षं लागली, त्यातली काही जणं उलट फिरून समुद्राच्या तोंडाशी येऊन राहिली. आणि ती एका घराण्याची नाहीत. तिवर आणि काटेरी पानांची मारांडी ही अडुळसा-अबोलीच्या कुळातली. चिप्पी मेंदीच्या कुळातली, म्हणजे डाळिंबाची आणि ताम्हणाची भावकी. कांदळ आणि झुंबर यांचं कूळ तिसरंच. महाराष्ट्रानं २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष ठरवलं; राज्यफूल ताम्हण आधीपासूनच होतं. सह्याद्रीच्या ओढ्याकाठी जांभळं फुलणारं एक भावंड आणि खाडीत रात्री पांढरे केसर उलगडून वटवाघळांची वाट पाहणारं दुसरं, अशी दोघं एकाच मानाला चढली. वेगवेगळ्या घराण्यांनी वेगवेगळ्या वेळी एकच कठीण जागा निवडावी आणि आपापल्या रीतीनं ती निभावावी, हे मला उत्क्रांतीतलं फार मोठं नवल वाटतं.

कारण जागा खरोखर कठीण आहे. शिवडीला ओहोटीत येणारा कुजका, गंधकी वास हीच त्याची खूण: या चिखलात बोटभर खाली प्राणवायू नाही. वर मीठ. दिवसातून दोनदा बुडायचं, दोनदा उघडं पडायचं. कांदळ मुळांशीच बहुतेक मीठ गाळून टाकतो. तिवर ते पाण्याबरोबर आत घेतो आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात त्याचं पान चाटून पाहावं, खारट लागतं. श्वासासाठी त्यानं मुळांनाच उलटी दिशा दिली. आडव्या पसरलेल्या मुळांतून बोटाएवढे कोंब चिखल फोडून वर येतात, एकेका झाडाभोवती हजारोंनी, आणि ओहोटीत हवा आत घेतात. अंधाराकडं जाणं हा मुळांचा धर्म. तिवरानं त्यांना आकाश दाखवलं.

बियांचंही तसंच. मऊ, हलत्या, खाऱ्या चिखलात बी पडून रुजायची वाट पाहील तर वाहून जाईल. म्हणून कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि हातभर लांब हिरवी शेंग होऊन लोंबतं. सुटलं की एक तर खाली रुततं, नाहीतर तरंगत निघतं. तिवराचा गर्भही फळाच्या आतच वाढून बसलेला असतो. पावसाळ्यात त्याची फळं भरतीच्या कडेला खच पडून तरंगतात, साल सुटते, दुमडलेली दोन जाड पानं उघडतात आणि जिथं पाणी जरा थबकेल तिथं काही दिवसांत मुळं धरतात. सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट वनस्पतिज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०५ साली मुंबई इलाख्यातल्या कांदळवनांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं, तेव्हा हा सगळा किनारा त्यांच्या पायाखालचा होता.

त्यानंतर तिवरं सरपणाला गेली, भरावाखाली गेली, तेलात माखली. १९९६ साली मुंबई बंदरानं शिवडीचा एक तुकडा राखीव केला. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभरच्या कांदळवनांची तोड थांबवली. २०१२ पासून वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. जानेवारी २०२४ पासून शिवडीहूनच निघणारा अटल सेतू या चिखलावरून न्हावाशेव्याला जातो आणि गाड्या वीस मिनिटांत खाडी ओलांडतात. खाली मुळांच्या कोंबांना प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्यामधून तिवराची नवी रोपं वर येत असतात. तिवर जाऊ शकत नाही. वनस्पती कधीच जाऊ शकल्या नाहीत. संकटापासून पळता येत नसेल तर काय करायचं, या एका प्रश्नाला त्यांनी जितकी उत्तरं दिली, तितक्या त्यांच्या जाती झाल्या. मेणाचा लेप हे एक उत्तर, कणखर नळी हे दुसरं, बी, फूल, विष, काटा, मिठाची ग्रंथी ही पुढची. आपण ज्याला विविधता म्हणतो, ती न हलण्याच्या निश्चयातून आलेली आहे.

मुंबईच्या घडणीचा इतिहास भरावांचा आहे. सात बेटं, त्यांच्यामधल्या खाड्या, वरळी-महालक्ष्मीची खिंड बुजवणारा गव्हर्नर हॉर्नबीचा बांध, मग रेल्वे, मग गोद्या. परळच्या बेटाची पूर्व कड असलेली शिवडीही त्यातून सुटली नाही. त्या इतिहासात गव्हर्नर येतात, ठेकेदार येतात, कंपन्या येतात. पण भरावाला माती लागते, आणि खडकाची माती हरिता-बुरशांपासून मुळांपर्यंत साऱ्यांनी मिळून केलेली असते. बेटांमधल्या उथळ खाड्यांत भरतीबरोबर आलेला गाळ लाटांना परत नेऊ न देता जागच्या जागी बसवण्याचं कामही कुणीतरी शतकानुशतकं करतच होतं. चौरस फुटांच्या भावानं जगणाऱ्या या शहराला, जमीन मुळात करतं कोण, एवढं तरी ठाऊक असायला हवं. मुंबईतला पहिला भराव तिवरांनी घातला. शिवडीला तो अजून चालू आहे.